सड्यावरचं लिस्बन

आमच्या गावामागं सडा आहे. जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्या सड्यावर मी दीड वर्ष लिस्बन शहर फिरले, तेही पायी. ऐकणाऱ्याला खूळ वाटेल, वाटू दे.

ऐंशीनंतरची ती वर्षं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम पाच महिने आम्ही एकत्र काढले होते. हे मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात, मी केळशीजवळच्या शाळेत मास्तरीण. घरात मी आणि सासूबाई. त्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे शाळा सुटली की माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. मला फार एकटं वाटायचं.

यांची बोट वरचेवर लिस्बनला लागायची. मी पत्रात बजावलं, "बोटीवर नुसते बसू नका. ट्राम नको, टॅक्सी नको, पायी फिरा. गाडीतून गेलं की गाव कळत नाही. आपल्या पायांना डिझेल लागत नाही आणि त्यांचा धूरही निघत नाही. कुठून कुठं वळलात ते सगळं मला लिहा."

आणि यांनी लिहिलं! सोबत शहराचा नकाशाही पाठवला, त्यावर पेन्सिलीनं वाट काढलेली. नदीकाठचा मोठा चौक, तिथून सरळ बाजाररस्ता, उजवीकडे जुनं चर्च, पुढं सपाट रस्त्यानं किल्ला. शाळेत मुलांना भूगोल शिकवताना मी अंगणात चुन्याच्या फक्कीनं गावाचा नकाशा आखायची. तसंच केलं. नकाशातली एक बोटाची रुंदी म्हणजे माझी शंभर पावलं. वळणावळणावर चिरे रचले. खाली दिसणारी खाडी ती नदी, जांभळीचं झाड म्हणजे चर्च आणि करवंदीची मोठी जाळी म्हणजे किल्ला. दर रविवारी सकाळी पत्र हातात घेऊन मी तिथं चालायची. यांच्याशी मोठ्यानं बोलायची सुद्धा.

गुरं चारायला येणारी शेजारची काकू एकदा म्हणाली, "काय गो बाय, दर रविवारी काय शोधतंस? कानातलं पडलं काय?"

"होय गो काकू," म्हटलं. दुसरं काय सांगणार!

मग हे रजेवर आले. दुसऱ्याच दिवशी मी यांना सड्यावर नेलं. चौकातल्या चिऱ्यावर उभं केलं आणि म्हटलं, "चला, आता तुम्ही पुढं व्हा."

हे हलेनात. आधी चर्च कुठं ते आठवेना, मग मान खाली घातली. म्हणाले, "मी तिथं कधी गेलोच नाही गो."

"म्हणजे?"

"बंदराच्या गेटापर्यंत जायचो आणि मागं फिरायचो. भाषा येत नाही, सोबतीला कोण नाही. एकट्यानं चालायला धीर होईना. गेटाजवळ दोन नकाशे घेतले, एक तुला धाडला, दुसरा बघून लिहायचो. तू एवढं हौसेनं विचारायचीस, तुला काय इंजिनातलं तेल लिहू?"

माझं डोकंच फिरलं. "दीड वर्ष मला इथं उन्हात नाचवलंत!" मी म्हणाले आणि तरातरा घरी आले. चार दिवस यांच्याशी बोलले नाही. खोटं बोलल्याचा राग होताच, पण तेवढ्या रविवारी मी एकटी नव्हते असं मला वाटायचं, ते त्यांनी काढून घेतलं होतं. पाचव्या दिवशी हे आपणहून म्हणाले, "चल, मला शिकव." रजा संपेपर्यंत रोज सकाळी आम्ही दोघं सड्यावर चाललो. एकेक चिरा यांना पाठ झाला. जाताना स्वतःजवळचा नकाशाही मुद्दाम माझ्यापाशी ठेवून गेले.

तीन महिन्यांनी पत्र आलं. दीड पान, अक्षर वेडंवाकडं.

"काल पायी गेलो. नकाशा नव्हता तरी कुठं चुकलो नाही. पण तुझं लिस्बन सपाट आहे, हे सगळं चढउताराचं. आपल्या पाखाड्यांसारख्या दगडी पायऱ्या, वर चढता चढता दम लागला. नकाशात चढ दिसत नाहीत, म्हणून मी तुला तेव्हा सपाट लिहिलं. किल्ल्यावर बसलो. समोर नदी, आपली बोट एवढीशी दिसत होती. तुला दाखवायला म्हणून वळलो तर बाजूला कोणीच नव्हतं."

मी पत्र घेऊन तशीच सड्यावर गेले. पायाखाली सगळं सपाट. पूर्वी मी चालायची तेव्हा हे बरोबर आहेत असं धरून चालायची. आता कळलं होतं, हे खरोखर तिथं चढत होते तेव्हा मी इथं शाळेत पाढे म्हणून घेत होते. करवंदीच्या जाळीपाशी बसले आणि पोटभर रडले.

काकूनं लांबून हाक मारली, "सापडलं काय गो?"

"नाही गो," मी म्हटलं.