जगायला निघालेली माणसं

आमच्या लासुर्ण्यात एखाद्याला ‘जगायला आलेला’ म्हटलं, की तो शब्द वर्मी लागतो. जगायला आलेला म्हणजे दुष्काळानं हाकललेला, उपरा. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे तात्याच म्हणतात, ते पोरवयात असेच आईबापाबरोबर माणदेशातून कॅनॉलच्या पाण्यावर आले. आज पेरूची बाग आहे, गावात मान आहे. पण तो शब्द काही पुसला गेला नाही.

आणि नेमका तोच शब्द माझी शहाणी लेक बोलून बसली! तिला परदेशी जायचं होतं, तळ्यांच्या तळाचा गाळ तपासून जुनं हवामान शोधायला. तिकीट हातात होतं, पण आजोबांच्या होकाराशिवाय पाऊल उचलणार नाही हा हट्ट. त्यांच्याच खांद्यावर वाढलेली ना! तर त्यांना खूश करायला म्हणाली, “तात्या, आदिमानवबी आफ्रिकेतनं जगायलाच बाहेर पडला की!”

तात्या ताटावरून उठले. तिच्याशी बोलणंच बंद केलं. मी तिला चांगलंच झापलं. म्हटलं, जिभेला काही हाड?

शेवटी क्रेटमध्ये पेरू भरताना तात्याच फणकारले, “हितं काय दुष्काळ पडलाय, म्हनून जगायला निघालीस?”

“माणसं दुष्काळानंच निघतात असं कुठंय?” ती म्हणाली, आणि जे सांगत सुटली ते ऐकून माझे हात थांबले. ज्या सहारात आज नुसती वाळू, तिथं मधूनमधून हजारो वर्षं पाऊस असायचा. तळी भरायची, गवत वाढायचं, जनावरं पुढं सरकायची आणि त्यांच्यामागं माणसं. कधी थंडी अशी पडायची, की पाणी बर्फात अडकून समुद्रच मागं हटायचा. मग एका खंडातून दुसऱ्यात जायला जमीन उघडी पडायची. ना रस्ता, ना नकाशा! लेकरं कडेवर घेऊन चालली बिचारी. “पुढं हिरवं दिसलं म्हणूनबी निघाली, तात्या.” धन्य ती माणसं! आणि हे सगळं चिखलातनं वाचणारी माझी पोर, तीही धन्य.

तात्या हातातला पेरू फिरवत बसले. “आन् मागं पाऊस गेल्यावर मंग?”

“मग सगळं सुकून पुन्हा वाळवंट झालं. वाट बंद.”

“म्हंजी गेलेली माणसं माघारी आलीच न्हाय व्हय?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रागबिग काही नव्हता. ही पुन्हा दिसेल का, एवढीच धास्ती होती म्हाताऱ्याला.

लेकीला खोटं बोलता येत नाही. ती त्यांच्याजवळ सरकून बसली.

“न्हाय आली, तात्या. पुढंच चालत राहिली. तीच माणसं म्हणजे आपण.”

तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

“जा मंग,” ते म्हणाले. “पर मी हाय तवर एकदा ये.”