बारशाला आलेली कार्डांची ट्रंक

परवा देवापाशी दिवा लावत होते, तेवढ्यात पुतणीचा, शुभाचा, पुण्याहून फोन आला. तिच्या नातवाचं बारसं आहे आणि ऑफिसनं हिची सुट्टी रद्द केली... का, तर सॉफ्टवेअरच्या लायब्ररी नव्या व्हर्जनवर न्यायच्यात. माझं डोकंच फिरलं. हिच्या स्वतःच्या बारशालाही हेच झालं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शुभाचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर मधुभाऊजी, नागपूरला कॉम्प्युटरवर कामाला. तेव्हा प्रोग्राम जाड कार्डांवर असत... नेहमी लागणाऱ्या तयार प्रोग्रामची ट्रंकभर लायब्ररी. आता नवीन मशीन येणार, भाषेचं नवीन व्हर्जन येणार, आणि त्यात काही नावांच्या शेवटचं ‘एफ’ हे अक्षर चालणार नाही. सुट्टी हवी तर ट्रंक सोबत न्या आणि अशी सगळी कार्डं हेरून आणा, असा साहेबाचा दम.

मी रोजचा खर्च लिहिणारी बाई. दुकानाची पाटी बदलली म्हणून मागचा सगळा हिशोब पुन्हा लिहायचा का?

भाऊजी शिरपूरला, आमच्या घरी, आले ते कार्डंच घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी बारसं, मेडशीला, जाऊबाईंच्या माहेरी. सासूबाई म्हणाल्या, "मधू, हे पत्ते कायले निवडून राह्यला तू? मशीन दोन दिवस थांबीन बापा, पोरीचं बारसं थोडी थांबते."

शेवटी ट्रंकच एसटीवर चढवली. बारशाला जमलेल्या बायांना मी ते अक्षर दाखवलं... कार्ड बाहेर काढायचं नाही, क्रम मोडतो, नुसतं वर सरकवायचं. तांदूळ निवडावे तशा साऱ्याजणी बसल्या. ओठात जप, मांडीवर कार्डं. "साहेबाच्या बायकोले बी बलवा लागत होतं ना," एकजण म्हणाली.

नाव ठेवलं तेव्हा भाऊजी पाळण्यापाशी होते, मोकळ्या हातांनी.

मग भाऊजींनी धावतपळत नागपूर गाठलं, तर नवीन मशीन आलंच नव्हतं... आणि साहेब सुट्टीवर, मेव्हणीच्या लग्नाला. आजही आठवलं की अंगाची आग होते.

शुभाला म्हटलं, लॅपटॉप घे आणि पाळण्यापाशी येऊन बस. कोणी काही बोललं तर माझा नंबर दे.

त्या बायांपैकी बऱ्याचजणी आता नाहीत. त्यांचे उपकार कुठल्या पानावर मांडू...

आज सकाळी शुभाचा मेसेज आला. "निघाले, मोठीआई."