मंगळवारचे तीन ते साडेचार

आमच्या ऑफिसातल्या अक्का बसवनगुडीच्या, चार पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातल्या. चिकपेटेतल्या एका घाऊक साडीवाल्यांचा प्रोग्रॅम त्यांनी फार वर्षांपूर्वी लिहिला होता. गोदामातून कोणतं पार्सल कधी निघायचं, ते तो सांगे. अक्का निवृत्त होण्याआधी तो नीटनेटका करायचं काम पुण्याहून आलेल्या शहाण्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

मी केर काढत सुटलो. एके ठिकाणी रोज दीड तास पार्सलं अडवलेली दिसली, तीही सोमवारी सकाळी, मंगळवारी दुपारी तीनला, बुधवारी बाराला. नाव काय, तर ‘टेम्प सात’, म्हणजे तात्पुरतं, क्रमांक सात. खुलाशाची एक ओळ नाही. कुणीतरी जुनी चूक ठिगळ लावून झाकली असणार, असं ठरवून मी ते उडवलं आणि माल आता लवकर निघेल, असा ऐटीत मेलही धाडला.

पुढच्याच मंगळवारी सव्वातीनला लग्नाच्या साड्यांचं पार्सल भर राहुकाळात निघालं. त्या दीड तासात इथे कुणी शुभ काम करत नाही. साडीवाल्या मालकांनी मागे माणूस पिटाळून ते अर्ध्या वाटेवरून परत आणलं आणि फोनवर सांगितलं, तुमचा प्रोग्रॅम बंद.

अक्कांचा चेहरा उतरला. मालकांनी प्रोग्रॅम घेतला होता अक्कांच्या शब्दावर, आणि तो शब्द मी घालवला होता. मला लाज वाटली. लाज वाटली की मी भांडतो.

“अक्का, एक ओळ तरी लिहायचीत!”

“राहुकाळ आहे म्हणून? हे कुणाला सांगायला लागतं काय रे?”

“पुणेकराला लागतं.”

“सरी, बरं. मग स्वल्प विचारायचं. मी शेजारीच बसते ना!”

कोड आपल्या घरात न वाढलेला माणूसही वाचतो, असं लांबलचक व्याख्यान मी त्यांना दिलं. मग आम्ही दोघं मेट्रोने चिकपेटेला गेलो. तिथे मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, चूक माझी. मालकांनी कॉफी दिली आणि अट घातली: अक्का, तुम्ही निवृत्त झाल्यावर हे तिसऱ्या कुणाला तरी कळतं, ते दाखवा.

मी तो भाग पुन्हा लिहिला. नाव ‘राहुकाळ’ ठेवलं, वर दोन ओळींत कारण दिलं. अक्कांच्या शेवटच्या दिवशी येलहंक्याच्या नव्या सहकारी मुलीने तो वाचला आणि कुणालाही न विचारता मालकांना फोनवर कन्नडमध्ये समजावला. मालक म्हणाले, चालू ठेवा. अक्कांनी डोळे पुसले. मी कॉलर ताठ केली.

तेवढ्यात त्या मुलीने माझा दुसरा एक प्रोग्रॅम उघडला, पुण्यातल्या एका दुकानासाठी लिहिलेला. “सर, यात दुपारी एक ते चार एकही ऑर्डर पुढे जात नाही. का?”

मी हसलो. “दुकान बंद असतं ना तेव्हा! हे कुणाला सांगायला लागतं का...”

अक्कांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.