पांढऱ्या साडीतली रानमेथी

आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची. ती साडी पेटीत ठेवताना घडीत रानमेथीच्या काड्या घालायची. तिच्याजवळ बसलं की एक गोडसर वास यायचा. मराठवाड्यातल्या माहेरी गव्हाच्या वावरात तण म्हणून उपटलेली रानमेथी ती पिशवी भरून शहरात, तारनाक्याच्या आमच्या घरी आणायची. मला लाज वाटायची. शेजारीपाजारी डांबराच्या गोळ्या वापरत आणि आमच्याकडे हे गवत!

आई गेली आणि वर्षभरात साडीचा वासही उडाला. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा रोज पेटी उघडत, साडी नाकाशी धरत आणि पुन्हा घडी घालून ठेवत. एक दिवस म्हणाले, "ती रानमेथी कुठं मिळंल का गं? एकदा वास घ्यायचा होता."

पेटीच्या तळाशी बी झडलेलं होतं. मी त्यातलं थोडं कुंडीत टाकलं, रोज पाणी घातलं. एक कोंब फुटेल तर शपथ. गौलीगुड्याच्या बाजारात एका बियाणेवाल्याकडे जाऊन कुरकुरले तर तो हसला. "छिलका सख्त रहता अम्मा. रेती में रगडो, फिर डालो. वैसाइच डाले तो नै उगता."

मग दिवाळीनंतर गार वारं सुटल्यावर उरलेलं बी वाळूत घासलं आणि रंगाच्या रिकाम्या खोल बादल्यांत पेरलं. हिचं मूळ सरळ खाली जातं, जागा बदललेली तिला खपत नाही. दाटी झाली तिथली रोपं उपटली, पाणी बेतानं दिलं. जानेवारीत पिवळ्या फुलांचे बारीक तुरे आले. मी स्वतःवर फार खूश होते.

तेवढ्यात बाबांच्या हृदयानं दगा दिला. मलकपेठच्या दवाखान्यात मी सगळ्यात टवटवीत जुडी नेली, कोमेजू नये म्हणून ओल्या रुमालात गुंडाळून. बाबांनी कितीतरी वेळ ती नाकाशी धरली. पुन्हा पुन्हा हुंगली.

"कशाचाच वास येईना," ते म्हणाले. "तुझ्या आईचा वासपण ध्यानात राहिला नाही बघ माझ्या." आणि ते रडले. बाबांना मी पहिल्यांदाच रडताना पाहत होते. नर्सने जुडी बाहेर न्यायला सांगितली, मी ती गाडीच्या मागच्या सीटवर टाकली.

तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचं सामान आणायला आठवडाभराने गाडीचं दार उघडलं आणि मी जागीच थबकले. गाडीभर आई होती. सीटवरची जुडी वाळून कडकडीत झाली होती. रानमेथी दरवळते ती वाळल्यावर. आई ती सावलीत पसरून वाळवायची, लहानपणापासून मी ती ओलांडून जात होते आणि एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं.

बाबांना सगळं नीट आठवत होतं. आपण तिला विसरलो असं समजून ते गेले.