डोंगराला प्रदक्षिणा

बिंदुमाधव आठल्ये यांनी आयुष्यात कधी कुणाला वाट विचारली नव्हती. ते रामघाटावर जन्मले, तिथल्याच गल्ल्यांत वाढले आणि एकतीस वर्षं त्यांनी पोस्टात नोकरी केली. 'शास्त्रीजी, मंगला गौरी के पास, काशी' एवढाच पत्ता लिहिलेली पाकिटं फिरत फिरत शेवटी त्यांच्या टेबलावर यायची, कारण हे कोणते शास्त्रीजी ते त्यांनाच ठाऊक असायचं. आम्ही सगळे त्यांना माधवकाका म्हणतो. आमच्या घरापासून त्यांचं दार चौथं. मी लग्न होऊन इंदूरहून आले तेव्हा पहिले सहा महिने या गल्ल्यांत रोज हरवायची. कुठेतरी गोंधळून उभी राहिले की काका समोरून यायचे आणि "चल, मीही तिकडेच निघालोय" म्हणत दारापर्यंत सोडायचे. ते तिकडे निघालेले नसायचे, हे कळायला मला वर्ष लागलं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे गेलेल्या वाटेनं परत यायचं नाही. नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आईनं त्यांना पंचक्रोशीला नेलं होतं. पाच मुक्काम करत साऱ्या काशीक्षेत्राला पायी प्रदक्षिणा. वाटेतले देव उजव्या हाताला ठेवायचे, थुंकायचं झालं तरी डाव्या बाजूला, आणि कितीही पाय दुखले तरी मधूनच माघारी फिरायचं नाही. हे नियम त्यांच्या अंगात असे भिनले की भाजी आणायला जायचं तरी जाताना एक गल्ली आणि येताना दुसरी. मृणालिनीकाकू म्हणायच्या, "यांना पाव किलो आलं आणायला पाठवलं तर काशीची फेरी घालून येतात. तोवर आमचा चहा बिनआल्याचा होऊन जातो."

काका डोंगरावर गेले ते पोस्टातल्या विश्वेश्वर पंतांमुळे. पंत मूळचे कुमाऊंतल्या लोहाघाटचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी कोकणातून तिकडे गेले असं घरात सांगतात, एवढ्यावर काकांनी त्यांना आपल्यातलं ठरवून टाकलं होतं. निवृत्तीनंतर पंत गावी परतले आणि काकांना उन्हाळ्यात बोलावलं. काका एकटे गेले, पंधरा दिवस राहिले आणि परत आल्यावर गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलं की पुढच्या जूनमध्ये मुलांना माझ्याबरोबर पाठवा. इथे जूनमध्ये घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवता येत नाही, मुलं दिवसभर पंख्याखाली भांडत पडलेली असतात. आयांनी फारसा विचार केला नाही. पाठवलं.

लोहाघाट लहानसं आहे. एक बाजार, एक पूल, मागे देवदारांची राई. पंतांच्या वरच्या दोन खोल्यांत मुलं झोपायची. सकाळी आठला दशम्या आणि लोणचं बांधून निघायचं, एखादा डोंगर चढायचा आणि दिवे लागायच्या आत घरी. पंतांनी काकांना चार वाटा शिकवल्या होत्या. चारही अशा की एका बाजूनं चढा आणि दुसऱ्या बाजूनं उतरा. काका त्यांना फेऱ्या म्हणत. अकरा उन्हाळे त्यांनी मुलांना या चार फेऱ्या घातल्या. माझी स्वरदा नऊ वर्षांची असल्यापासून जायची. मी दर वेळी तिच्या पिशवीत औषधांची यादी, आमचे तीन फोन नंबर आणि एक शिट्टी घालायची. काका ती शिट्टी बघून गंभीरपणे मान डोलवायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मनात आलं की पंतांच्या घरामागच्या डोंगराला पाचवी फेरी घालावी. या डोंगरावर कधी कुणी नेलं नव्हतं. पण काकांचा हिशोब सरळ होता. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि चालत राहायचं, म्हणजे फिरून आपण दारातच येणार. गंगेकाठच्या सपाट मुलखात वाढलेल्या माणसाला डोंगर म्हणजे देवळासारखा वाटतो. मध्ये उभा आणि सगळीकडून वाट असलेला. सकाळी आठला ते पाच मुलांना घेऊन निघाले. दुपार झाली, चार वाजले, डोंगर उजवीकडेच होता आणि संपत नव्हता. वाटेत दोन गुराखी भेटले, त्यांना काकांनी रामराम केला आणि पुढे गेले. विचारलं नाही. संध्याकाळी सहाला ते भलत्याच खोऱ्यातल्या एका खेड्यात उतरले. तिथे फोन लागत नव्हता. खेड्यातल्या बायकांनी मुलांना रोट्या आणि मोहरी घातलेलं काकडीचं रायतं वाढलं आणि दुधाच्या गाडीतून रात्री नऊला त्यांना लोहाघाटला पोचवलं. पंत दारात कंदील घेऊन उभे होते. "पंडितजी," ते म्हणाले, "ये पहाड़ नेपाल तक जाता है. आप कहाँ तक घूमते?"

हे सगळं मुलांनी नंतर हसत हसत सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं तो सगळ्यात मजेचा दिवस. मी इथे दुपारी दोनपासून नऊपर्यंत फोन लावत बसले होते. संकठा देवीला नवस बोलून झाला होता. मुलं परत आली आणि दोन दिवसांनी स्वरदाला ताप भरला. साधाच ताप होता, पण मी काकांच्या घरी गेले. काकू समोर होत्या, तरी मी थांबले नाही. मी म्हटलं, "तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा. आमची मुलं काय तुमचं पुण्य वाढवायला दिलीत?"

काका उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "चुकलं माझं, वैदेही."

तेवढ्यावर सोडायला हवं होतं. मी घरी येऊन बाकीच्या आयांनाही कळवलं की यापुढे विचार करून पाठवा. मंगला गौरीजवळची अन्नपूर्णा, जिचा निमिष त्या पाचांत होता, तिनं तर लगेच उत्तर दिलं की आता नाव काढू नकोस.

पुढच्या जूनमध्ये काकांनी कुणाला विचारलं नाही, आणि त्यापुढच्या जूनमध्येही नाही. ते भेटले की पूर्वीसारखंच बोलायचे, स्वरदाच्या अभ्यासाची चौकशी करायचे. रागावलेले असते तर मला सोपं गेलं असतं. या वर्षी दहावीची परीक्षा संपल्यावर स्वरदा एक दिवस म्हणाली, "काका नाराज नाहीत गं, तीच तर दिक्कत आहे. त्यांना वाटतं तू बरोबर बोललीस."

मग एकदा काकू भाजीवाल्यापाशी भेटल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या सहज म्हणाव्या तसं म्हणाल्या, "आता आलं वेळेवर येतं हो घरात. ज्या गल्लीनं जातात त्याच गल्लीनं परत येतात."

त्या पिशवी उचलून गेल्या आणि मी भाव विचारायला विसरून तिथेच उभी राहिले. एका बोलण्यानं मी त्या माणसाचं चालणं मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले आणि लोहाघाटला न्या म्हणून सांगितलं. त्यांनी हात जोडले. मुलांची जबाबदारी आता झेपणार नाही म्हणाले. मी म्हटलं मुलं नकोत, स्वरदा आणि मी. आईच बरोबर असली तर जबाबदारी कसली? आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्यांचा होकार येण्याआधीच काकूंनी त्यांचे लोकरी मोजे बाहेर काढले होते.

लोहाघाटला पोचल्यावर पहिल्या दिवशी आम्ही बाजार पाहिला आणि देवदारांच्या राईत बसून आलो. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी घालायची ठरली. तासभर चढलो असू, तेवढ्यात एक वळण आलं. काका थांबले, खिशातून पंतांनी वळणं लिहून दिलेला कागद काढला, वाचला, घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "ऊन वाढतंय. फिरू या." ऊन वाढलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्या वाटांवर ते अकरा वर्षं डोळे मिटून चालले त्या वाटांवर आता जरा काही वेगळं दिसलं की परत. संध्याकाळी पंतांनी मला बाजूला बोलावलं. "बेटी, इनको क्या हुआ?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं. ते बराच वेळ विडी हातात धरून बसले, पेटवलीच नाही.

चौथ्या दिवशी आम्ही देवळाच्या फेरीला निघालो. ही काकांची सगळ्यात आवडती. देवळापर्यंत ते व्यवस्थित आले, स्वरदाला काफळाची झाडं दाखवली, लाल फळं रुमालात वेचून दिली. दशम्या खाऊन पुढे गेलो आणि खिंडीत वाटच नाहीशी झाली. वरून नवा रस्ता काढताना मातीचा ढिगारा खाली ढकललेला, त्याखाली जुनी पायवाट गडप. ढिगाऱ्याला वळसा घालून दोन पुसट वाटा निघाल्या होत्या. दुपारचा एक वाजला होता. आल्या वाटेनं परत गेलो तर तीन तास. पुढची वाट बरोबर निघाली तर एक तास, आणि चुकीची निघाली तर मला त्याचा विचारही करवत नव्हता.

"परत फिरू," काका म्हणाले.

मलाही तेच हवं होतं. फोनवर एकही रेघ नव्हती आणि स्वरदा माझ्याकडे न बघता काफळाच्या बिया थुंकत होती. मी हो म्हणणार, तेवढ्यात लक्षात आलं की काका वाटेकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. तीन दिवस प्रत्येक वळणावर ते तिथेच बघत होते, आणि मी समजत होते की त्यांना वाट आठवत नाही.

वरच्या बाजूला बांजाच्या, म्हणजे डोंगरी ओकच्या, झाडावर चढून एक बाई गुरांसाठी पाला तोडत होती. विळ्याचा आवाज केव्हापासून येत होता. मी म्हटलं, "काका, त्यांना विचारू या."

"तिला कशाला त्रास," ते पुटपुटले.

"तुम्ही विचारा. तुमचा आवाज पोचेल."

काका ढिगाऱ्याच्या कडेला गेले. दोनदा खाकरले. सत्तरीच्या माणसाला एवढं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी हाक मारून सडकेची वाट विचारली. बाईनं पाला तोडायचं थांबवून खाली पाहिलं आणि कुठून आलात विचारलं. काकांनी बनारस सांगितलं, आणि मग, खरं बोलायची सवय म्हणून, हेही सांगितलं की अकरा वर्षं येतोय.

"ग्यारह साल से आ रहे हो," ती झाडावरून म्हणाली, "और पूछ आज रहे हो?"

स्वरदा मोठ्यानं हसली. मी तिला डोळे वटारले, पण काकाही हसत होते, कपाळावर हात मारून. बाईनं सांगितलं की खालची वाट धरा, जमिनीवर काळा पाइप दिसेल, तो पाण्याच्या टाकीपाशी जातो आणि टाकी सडकेवर आहे. उतार तेवढा सांभाळा, चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, वाळक्या पानांवरून पाय सुटतो.

काका दोन पावलं गेले आणि थांबले. वळून म्हणाले, "वैदेही, पुन्हा काही झालं तर?"

"तर तुमच्याबरोबर मी आहे," मी म्हटलं. "आणि मी कुणालाही विचारू शकते. माझं सासर काशीचं आहे, माहेर नाही. चला पुढे."

उतार बाईनं सांगितल्यापेक्षा वाईट होता. सुयांसारख्या पानांचा जाड थर, त्यावर बूट ठरेना. एके ठिकाणी मी सरळ खाली बसले आणि घसरत गेले. स्वरदा पुढे जाऊन माझी वाट बघत राहिली, मोठ्या माणसासारखी. काका सगळ्यात पुढे होते, काठी आडवी टेकवत, पाइपाच्या प्रत्येक जोडापाशी थांबून आम्हाला हात करत. अडीच वाजता टाकी दिसली. तिच्यापलीकडे डांबरी सडक.

काकांनी टाकीच्या नळाखाली तोंड धुतलं. समोरून एक माणूस शेळ्या घेऊन येत होता. काकांनी त्यालाही थांबवून विचारलं, लोहाघाट कुठल्या बाजूला. तो माणूस काकांच्या कमरेशी असलेल्या मैलाच्या दगडाकडे बोट दाखवून निघून गेला.

पंतांच्या घरी आल्यावर स्वरदानं मित्रमैत्रिणींना फोटो पाठवले आणि संध्याकाळी मला अन्नपूर्णाचा फोन आला. निमिषनं फोटो पाहिले होते आणि घर डोक्यावर घेतलं होतं. त्याचे वडील डोंगराच्या पायथ्याशी टनकपूरपर्यंत आणून सोडायला तयार होते. आम्ही अजून दहा दिवस राहणार आहोत ना, वाट धड आहे का, जंगलात वाघ आहे का, फोन लागतो का, असं ती एकामागून एक विचारत गेली. सगळे माझेच प्रश्न. मी प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं. बिबट्या आहे, फोन मध्येच लागत नाही, एका फेरीवर वाट ढिगाऱ्याखाली गेली आहे.

"अगं मग पाठवू का नको?" ती म्हणाली. "गेल्या वेळी तूच तर सांगितलंस सगळ्यांना."

अंगणात काका मटार सोलत बसले होते. त्यांची बोटं थांबली होती.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "ते मी घाबरून सांगितलं होतं. आजही घाबरले होते. पण काका पाऊल बघून टाकतात आणि अडलं तर विचारतात. मीही रोज बरोबर असते. पाठव त्याला."

मग तिनं विचारलं, कपडे काय काय द्यायचे. मला ते नीट सांगता आलं नसतं. मी फोन काकांपुढे धरला. त्यांनी हात धोतराला पुसले, फोन कानाला लावला आणि म्हणाले, "अन्नपूर्णा, आधी त्याच्या बुटांचे तळवे बघ. झिजले असतील तर नवे घे. लिहून घेतेस ना? कागद घे. मी थांबतो."