पिवळ्या दिव्याची पाटी

मोहर्लीला जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याला, अजयला, वाघ बघायचा होता आणि मला पाटी. हसू नका! नागपुरात माझं कामच सिग्नलचं: कॅमेऱ्याने गाड्या मोजून हिरवा दिवा कमीजास्त करणारे सिग्नल. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका रस्त्यावर तशीच हुशार पाटी लावलीय असं कानावर आलं होतं. जनावर रस्त्याजवळ आलं की सेन्सरला कळतं, पिवळा दिवा लुकलुकतो, गाड्यांनी हळू व्हायचं. "सुट्टीतही सिग्नलच का?" असं कुरकुरत अजयने गाडी काढली.

वरोऱ्यापर्यंत रस्ता झकास. पुढे कोळशाचे ट्रक लागतात, काचा वर ठेवा. पेट्रोल चंद्रपुरातच भरा आणि सफारीचं बुकिंग आधीच करा. आम्हाला सफारीत सांबरं पोटभर दिसली, वाघ काही दिसला नाही. अजयचं तोंड उतरलं.

दिवस मावळताना पाटीपाशी पोचलो. शेजारीच सुनंदाबाईंची टपरी, तिथला आलूबोंडा-रस्सा फक्कड. मी कौतुकाने पाटीचं विचारलं तर बाई फणकारल्याच.

"काय कामाची जी ती? दिवा लागला का गाड्या पळत येतेत. वाघ हाय समजतेत ना! माह्यी पोरगी चंद्रपूरवरून याच रस्त्यानं येते, स्कुटीवर. जनावराले जागा नाई, पोरीले जागा नाई. मले रोज घोर."

मला पटेना. हळू व्हा सांगणारा दिवा बघून कोण पळत सुटेल?

तेवढ्यात दिवा लुकलुकू लागला. आणि काय सांगू, अजयच आधी चहा टाकून गाडीत बसला. "चल लवकर, वाघ!" म्हणत पन्नास पावलं पुढे नेलीसुद्धा, भैताड! मागून जिप्स्या, कार भराभर येऊन भिडल्या. बांबूतून गवे निघाले होते, सोबत वासरू. गाड्यांची भिंत बघून कळप रस्त्यातच अडला, नाकं फुरफुरायला लागली. त्यांच्या पलीकडे स्कुटीचा एकटा दिवा.

"प्रणाली हाय थे," सुनंदाबाई पुटपुटल्या. ओरडलं तर गवे बिथरणार, म्हणून ओरडायचीही सोय नव्हती.

मी मागच्या गाडीपासून काचा वाजवत निघाले. "मागे घ्या, पलीकडे पोरगी अडकलीय." एकजण म्हणाला, "इतक्या दुरून आलोय, फोटो तरी काढू द्या." कुरकुरत त्यानेही मागे घेतली. शेवटी आमची गाडी. अजयने माझा चेहरा पाहिला आणि मुकाट रिव्हर्स टाकला. जागा होताच गवे उतरून गेले, दिवा विझला.

प्रणालीने येऊन स्कुटी टपरीपाशी लावली. "जय भीम, मॅडम," म्हणाली. मग आईकडे वळून, "गाडी बंद करून उभी होती मी, रोजच्यासारखी."

ते 'रोजच्यासारखी' माझ्याबरोबर नागपूरला आलं. आम्ही सिग्नलवाले गाड्या मोजतो, जनावरं ओळखतो. दिवा बघून माणसाला काय वाटेल, हे मी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं. आता ऑफिसात तोच प्रश्न घेऊन बसलेय आणि सगळ्यांचं डोकं खातेय.

तुमच्यापैकी बरेचजण विचारतील, अजयच्या मित्रांनीही विचारलं, "लोकेशन पाठव ना." नाही पाठवलं, इथेही देणार नाही. उद्या संध्याकाळीही प्रणालीला त्याच रस्त्याने घरी यायचं आहे.