पडदा आधी इराकडे

श्रीधरअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझी सहा वर्षांची नात इरा दुसरा पेला पाणी पीत होती. आम्ही त्यांच्याकडेच निघालो होतो, आणि सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं. फोन ठेवून मी पायातल्या चपला काढल्या. ती म्हणाली, "आजोबा, आता शू करू का?"...

अण्णा बसवनगुडीतले मुलांचे डॉक्टर, माझे जुने मित्र. शोकसभेत त्यांच्या 'बालआरोग्यातील योगदाना'वर वक्ते भरभरून बोलले. बद्धकोष्ठ हा शब्द मात्र एकाच्याही तोंडून निघाला नाही. हार घातलेल्या फोटोसमोर तो शोभला नसता. अण्णांनी आयुष्यभर तोच विषय धरला, आणि त्याला सरळ शी म्हटलं.

आम्ही पहिल्यांदा अण्णांकडे गेलो तेव्हा इराची चड्डी शाळेत खराब व्हायची. शेजारी कुणी बसेना. माझी सून बेळ्ळंदूरला आयटीत, रडकुंडीला येऊन ती अण्णांना म्हणाली, "मुद्दाम करते हो ही." अण्णांनी जेल तळहातावर उबवून इराच्या ओटीपोटाला लावलं आणि यंत्राचा पडदा आधी तिच्याकडे वळवला. "हे बघ पुट्टी, इथे शी साठून आतडं ताणलंय. म्हणून आलेली तुला कळतच नाही. तुझी चूक नाही." मग सुनेला म्हणाले, "तुझीही नाही."

शी मऊ करणारी रोजची पावडर सुरू झाली. पोट साफ व्हायला लागलं तशी सून म्हणाली, "आता बंद करूया ना? सवय लागेल." अण्णांनी पुन्हा पडदा वळवला. आतडं रिकामं होतं, पण सैलच. "इन्नू स्वल्प," ते कानडीत म्हणाले. अजून थोडं; आता थांबलो तर पुन्हा भरेल. दर खेपेला हेच ऐकायला मिळे, आणि दर खेपेला आतडं जरा अरुंद दिसे.

ते गेले आणि घरात धुसफूस सुरू झाली. सुनेच्या आईचे पुण्याहून फोन: "एवढ्याशा पोरीला किती औषधं!" पावडरीचा डबा फडताळात मागे सरकत गेला.  इरा दप्तरात जादा चड्डी आहे ना, हे पुन्हा तपासू लागली...

गेल्या आठवड्यात नव्या डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवर छतापर्यंत प्रमाणपत्रं, पडदा स्वतःकडे. "रोज होतेय ना? मग थांबवू." गार जेलने इरा दचकली.

"मला दाखवा ना," ती म्हणाली. "अण्णाआजोबा आधी मला दाखवायचे."

डॉक्टर हसले, पडदा वळवला. आता तिला समजावणं आलं, म्हणून नीट माप घेतलं. घेता घेता त्यांचं हसू ओसरलं. "आतडं अजून रुंदच आहे," ते म्हणाले.

सून खाली बघत राहिली. इराने पडद्यावरची नजर न काढता तिचं बोट धरलं.

"इन्नू स्वल्प, आई."